डावी विंग माझी नव्हती

स्मरणिकेची प्रुफं घरी आली तेव्हा मी चष्मा शोधण्यात अर्धा तास घालवला, आणि सापडल्यावर वाटलं, नसता सापडला तर बरं झालं असतं. माजरीच्या कोळसा खाणीवरच्या आमच्या फुटबॉल संघाची ही स्मरणिका. मैदान आता राहिलेलं नाही. खुल्या खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर त्यावर चढला आहे आणि डोंगरावर बाभळी उगवल्या आहेत. म्हणून जुन्या खेळाडूंनी ठरवलं की निदान एक पुस्तक तरी काढू. त्यात चार पानं माझ्यावर होती. आमच्या भागातला पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू, कलकत्त्यात तीन हंगाम डाव्या विंगला खेळलेला, वगैरे. तिसऱ्या पानावर हे वाक्य होतं : 'खाणीच्या संघात तेव्हा दोन विंगर होते, एक कलकत्त्याला गेला, दुसरा मोहाच्या धारेत वाहून गेला.'

हे वाक्य खोटं आहे, आणि ते लिहिणाऱ्याने बनवलेलं नाही. ते माझं आहे. चाळीसहून जास्त वर्षं मी ते या ना त्या रूपात सांगत आलो. मोहाची धार म्हणजे दारू, लोक हसायचे. आता ते छापलं जाणार होतं, आणि ज्याच्याबद्दल ते आहे तो माणूस जिवंत आहे. आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या आपल्या गावात राहतो. मला ते वाक्य काढून तिथे खरं काय झालं ते घालायचं होतं. काम एवढंच होतं. ते माझ्याच्याने झालं नाही. कसं झालं नाही ते इथे लिहितो, कारण लिहायला आता दुसरी जागा उरलेली नाही.

हा दुसरा विंगर खाणीवर आला तो त्याच्या मामाच्या मागे. मामा भूमिगत खाणीत होता, याला बदली कामगार म्हणून लावलं. घरी गोंडी बोलणारा, आमच्याशी मराठी, आणि हिंदी म्हटलं की मान खाली. माझे वडीलही त्याच खाणीत लोडर होते. आम्ही दोघं एकाच वयाचे. संध्याकाळी शिफ्ट सुटली की मैदानावर. मी उजव्या विंगला, तो डाव्या.

आमचं मैदान डावीकडे नाल्याकडे उतरतं होतं. चेंडू त्या बाजूला गेला की बहुतेक बाहेरच जायचा. तो मात्र त्याला रेषेच्या आत ठेवायचा, पायाच्या बाहेरच्या बाजूने, जणू घरातलं कोकरू दाराबाहेर जाऊ नये म्हणून पाय आडवा लावावा. त्याची एक खोड होती. बॅकच्या, म्हणजे समोरच्या बचावपटूच्या, पुढ्यात पोचला की तो हळू व्हायचा. जवळजवळ थांबायचा, काहीतरी घरी विसरून आल्यासारखा. बॅकही थांबायचा. आणि मग हा तिथे नसायचा.

"अबे, मधीच थांबतं काऊन तू?" मी एकदा वैतागून विचारलं होतं.

"मी कुठी थांबतो," तो म्हणाला. "मी त्याले थांबवतो."

कोपऱ्यातल्या झेंड्याजवळून तो डाव्या पायाने जो चेंडू मध्ये टाकायचा, त्याला आम्ही सेंटर म्हणायचो, तो थेट माझ्यापर्यंत यायचा. मला उडी मारावी लागायची नाही. डोकं नुसतं धरायचं. खाणीखाणींच्या स्पर्धेत माझ्या नावावर जे गोल आहेत त्यातले निम्म्याहून अधिक असेच झाले. स्मरणिकेत त्यांचा आकडा ठळक अक्षरात आहे. सेंटर कोणी टाकला ते कुठेच लिहिलेलं नाही. तेव्हाही कोणी लिहीत नसे.

त्या वर्षी स्पर्धेचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला. बघायला कलकत्त्याच्या एका क्लबचे गृहस्थ आले होते, आमच्या मॅनेजरच्या ओळखीचे. उन्हात छत्री धरून ते डाव्या बाजूच्या रेषेवर उभे राहिले आणि दुसऱ्या हाफमध्ये आम्ही बाजू बदलल्यावर छत्री घेऊन पलीकडे गेले. म्हणजे त्यांना कोण बघायचा होता हे सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. आम्ही जिंकलो, दोन्ही गोल माझे, आणि ते गृहस्थ माझ्याकडे बघून हसलेसुद्धा नाहीत.

पंधरवड्याने पत्र आलं. आमच्या संघाचे सेक्रेटरी साहेब खाणीच्या ऑफिसातले मोठे बाबू होते. त्यांनी मला बोलावलं. पत्रात कोणाचं नाव नव्हतं. 'आपल्या संघाचा डावा विंगर चाचणीसाठी पाठवावा,' एवढंच होतं, आणि तारीख.

"तू बी सोबत जा त्याच्या," सेक्रेटरी म्हणाले. "त्याले हिंदी येत नाई. वर्ध्याले गाडी बदलतानाच हारपून जाईल. तिथी तुलेबी पाहून घेतील, झालं तं झालं."

झालं तं झालं. हे शब्द मला खूप लागले होते. आज लिहितानाही लागतात, आणि याचाच मला राग येतो. कारण सेक्रेटरींचं काही चुकलं नव्हतं.

पण तो माजरीत नव्हता. मे महिना होता. त्याच्या गावाकडचे आमच्या खाणीवरचे सगळे बदली कामगार मे महिन्यात तेंदूपत्त्याला गावी जात. जंगलात बिडीची पानं तोडायची, घरी बसून पुडे बांधायचे, आणि फडावर म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत ते उन्हात वाळत घालायचे. पंधरा-वीस दिवसांचं काम, पण घरातलं प्रत्येक माणूस त्यात लागतं. नोकरी असो, नसो, फड चुकवायचा नाही. जो चुकवतो त्याला पुढल्या लग्नात चारचौघांत विचारतात, तेव्हा कुठी होता रे बाप्पा. सेक्रेटरींना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, ही पोरं सुट्टीवर जातात.

त्या गावाला निरोप पाठवायची वाट एकच होती. चंद्रपूरहून दुपारी सुटणारी मुक्कामी गाडी. ती रात्री त्याच्या गावाला पोचायची, तिथेच झोपायची आणि सकाळी परत फिरायची. तिचा कंडक्टर हाच त्या पट्ट्याचा पोस्टमन होता. त्याच्या तिकिटाच्या पेटीशेजारच्या पिशवीत लोकांची औषधं, दुरुस्त केलेले चष्मे, लग्नाच्या पत्रिका, मास्तरांचे कागद असत. तोंडी निरोपही तो घेई आणि अक्षर न् अक्षर पोचवी. माझ्या मित्राचा तो लांबचा सोयरा लागत होता.

सेक्रेटरींनी चिठ्ठी लिहिली आणि माझ्याजवळ दिली. "कंडक्टरच्या हाती दे, दुसऱ्या कोणाजवळ नाई."

मी चंद्रपूरच्या बसस्टँडवर गेलो. गाडी लागली होती. मी गाडीच्या सावलीलाही न जाता उन्हात उभा राहिलो. कंडक्टर दारात येऊन लोकांना आत घेत होता. मला त्याने ओळखलं, मित्राबरोबर बघितलं होतं.

"काय रे पोट्ट्या, फडावर काही निरोप?"

"नाई भाऊ. काही नाई."

"मंग उन्हात काऊन उभा हायेस?"

"असाच."

"असाच उभा राहून काळा पडशीन. आधीच काय कमी हायेस का." तो हसला, घंटीची दोरी ओढली आणि गाडी गेली.

एवढंच झालं. मी काही योजना करून गेलो नव्हतो. बसस्टँडवर पोचेपर्यंत चिठ्ठी देणारच होतो. त्याने विचारलं आणि माझ्या तोंडून 'नाही' निघालं, आणि मग गाडी निघाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी होती. ती मी विसरायला तयार आहे, पण ती होती. तिसऱ्या दिवशीही होती. मी गेलो नाही. चिठ्ठी मी पुढे वर्ध्याच्या फलाटावर फाडली.

चार दिवसांनी सेक्रेटरींनी विचारलं, "आला नाई? निरोप गेला होता ना?"

"गेला ना साहेब. पयल्या धारेची लागली असंल. मोहाचे दिवस हायेत."

ते खदखदून हसले. ऑफिसातले आणखी दोघं-तिघं हसले. मला बरं वाटलं. आपण काही केलंय असं तेव्हा वाटलंच नाही, कारण सगळे हसले आणि कोणी पुढे काही विचारलं नाही. गोंडाचा पोरगा मोहाच्या दारूपायी आला नाही, या गोष्टीला पुरावा लागत नव्हता. मला ते माहीत होतं, म्हणूनच मी ते बोललो. माझ्या लहानपणी शाळेत एका मास्तरांनी आमच्या वस्तीच्या पोरांबद्दल असंच काहीतरी ठोक बोलून टाकलं होतं. माझे वडील शिफ्ट बुडवून शाळेत गेले आणि मास्तरांच्या टेबलासमोर उभे राहिले. बोलले काही नाहीत, नुसते उभे राहिले, शब्द मागे घेईपर्यंत. अशा बापाचा मी मुलगा.

सेक्रेटरी म्हणाले, मग तू तरी जा, आणि मी एकटा कलकत्त्याला गेलो. क्लबवर छत्रीवाले गृहस्थ नव्हते, मधल्या काळात क्लब सोडून गेले होते. कोचजवळ एका कागदावर लिहिलेलं होतं, माजरी, डावा विंगर. त्याने विचारलं, "तुम ही हो?" मी हो म्हणालो. खाणीच्या मैदानावर खेळून फुप्फुसं चांगली झाली होती, पळायचो जोरात. पहिल्या दिवशी ते पुरलं.

आता दुसरी गोष्ट, जी स्मरणिकेत 'शैली' म्हणून आली आहे. 'डाव्या बाजूने आत घुसून उजव्या पायाने मारण्याची त्यांची खास शैली.' ती शैली नव्हती. माझा डावा पाय निकामी होता. डाव्या विंगरने त्या काळी रेषेने खाली जायचं, कोपऱ्यातून डाव्या पायाने सेंटर टाकायचा. मला तो टाकताच येत नव्हता, म्हणून मी आत वळायचो. पहिल्या हंगामात कोणाला ते अपेक्षित नसायचं, त्यामुळे गोल झाले. एका बंगाली वर्तमानपत्राने कौतुक केलं. ते कात्रण माझ्या मुलांनी फ्रेम करून भिंतीवर लावलं आहे.

कोच मात्र पहिल्या आठवड्यातच ओळखून होता. रोज सरावानंतर मला एकट्याला थांबवायचा. वीस-वीस चेंडू डाव्या पायाने. ते झेंड्यामागे, गोलच्या छपरावर, प्रेक्षकांच्या बाकांत जायचे.

"बायाँ पैर भगवान ने खाली खड़े रहने के लिए दिया है क्या?" तो विचारायचा. मग एक दिवस म्हणाला, "चिट्ठी में तो लिखा था, लेफ्ट पैर में जादू है. किसने लिखा था, तुम्हारे मामा ने?"

मी म्हणालो, खाणीच्या मैदानावर वेगळं असतं. त्याने आणखी वीस चेंडू माझ्यासमोर लावले.

दुसऱ्या हंगामात प्रतिस्पर्धी बॅक शिकले. त्यांनी आतली बाजू बंद केली आणि रेषेकडची सगळी मोकळी सोडली. जा, बाहेरून जा. एवढी मोकळी जागा मी जन्मात बघितली नव्हती, आणि तिचं काय करायचं ते मला येत नव्हतं. मी रेषेने पळायचो, कोपऱ्यात पोचायचो आणि तिथे उभा. चेंडू मागे द्यायचो. गॅलरीतून लोक ओरडायचे, "की रे, बाडी जाबी ना?" घरी जायचं नाही का. एक बॅक तर माझ्याजवळ येऊन उभाच राहायचा नाही, दहा हात लांबून हात कमरेवर ठेवून बघायचा. त्या मोकळ्या कोपऱ्यात उभं असताना दर वेळी मला कळायचं की इथे आता तो काय करील. पायाच्या कुठल्या भागाने, किती उंच, कुठे. सगळं दिसायचं. होत काही नव्हतं.

तिसऱ्या हंगामात मी बाकावर जास्त आणि मैदानावर कमी होतो. आत वळतानाच उजव्या गुडघ्यावर एकाने पाय दिला. दुसऱ्या एका लहान क्लबात एक हंगाम ओढून काढला आणि परत आलो. माझी कारकीर्द ती एवढी. पाहुण्यांसमोर बोलताना ती मोठी वाटते.

खाणीत मला टाइम ऑफिसात कायम केलं. हजेरी घ्यायची. माझ्या मित्राचं काय झालं ते मी तोवर विचारलं नव्हतं, पण आल्यावर कळलंच. पत्राला प्रतिसाद दिला नाही म्हणून सेक्रेटरी चिडले, त्याला संघातून काढलं, आणि खेळाडू म्हणून कायम होणाऱ्यांच्या यादीतूनही. पावसाळ्यात तो माजरीला आला तेव्हा बदलीचं कामही नव्हतं. तो म्हणाला, मले निरोपच नाई आला. कोणीतरी म्हणालं, हो हो, धारेत नाई ऐकू आला. तो गावी गेला तो परत आला नाही. धान, मोह, तेंदू. लग्न, लेकरं. मी त्याला त्यानंतर एकदाही भेटायला गेलो नाही. अहेरीपर्यंत कामानिमित्त तीनदा गेलो, पुढे गेलो नाही.

सत्कार होत राहिले. राजुऱ्याला, कोरपन्याला, भद्रावतीला. जयंतीच्या दिवसांत तर दर वर्षी कुठे ना कुठे. भाषणात रंग भरायला मी तो विनोद सांगायचो, आणि पुढे मी नाही सांगितला तर ओळख करून देणारा सांगायचा. मागच्या हिवाळ्यात राजुऱ्याच्या कार्यक्रमात एका आश्रमशाळेची फुटबॉलची मुलं-मुली पहिल्या रांगेत बसवली होती. बहुतेक गोंड, कोलाम. सूत्रसंचालकाने नेहमीप्रमाणे सांगितलं, एक कलकत्त्याला गेला, एक मोहाच्या धारेत. सभागृह हसलं. ती मुलंही हसली. त्यांच्या शिक्षकांकडे बघून हसली, आपण हसायचं असतं असं समजून. एक मुलगी मात्र नुसती माझ्याकडे बघत होती. मी शाल सावरली आणि भाषण केलं. चांगलं झालं म्हणतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी प्रुफं आली.

स्मरणिकेचा संपादक म्हणजे आमचा तेव्हाचा गोलकीपर. निवृत्तीनंतर भद्रावतीला राहतो, बोलका, सगळ्यांना धरून असणारा. मी त्याला फोन केला, मग समोरच जाऊन बसलो. झालेलं सगळं सांगितलं. त्याने चहा ओतता ओतता ऐकलं.

"भाऊ, हे काऊन उकरता आता?" तो म्हणाला. "लोकायले पुस्तक वाचून चांगलं वाटलं पायजे. तुमाले खालचं दाखवून आमाले काय भेटंल?"

"मले खालचं दाखव असं मी म्हणून नाई राह्यलो. जे झालं ते लिव."

"अवो, तुमचा फोटो मुखपृष्ठावर हाये. आतमधी तुमीच चोर म्हणून लिवू का? आमदार साहेब हाती घेतील पुस्तक."

"मग त्याच्यावरचं वाक्य तरी काढ."

"थेच तं सगळ्यात जमलंय. प्रेसवाला बी हसला वाचून." मग जरा मऊ होऊन म्हणाला, "पाहतो. थोडा वेळ द्या. तुमी टेन्शन नोका घेऊ, बीपी हाये तुमाले."

माझं बीपी हा त्याला पुस्तकापेक्षा सोपा विषय वाटला. मी उठलो.

गावाला जायला आता रस्ता आहे. मोबाइलचा टॉवर आहे, चालू कधी असेल ते सांगता येत नाही. तीन गाड्या बदलून मी पोचलो. आलापल्लीपासून पुढे गुडघा सीटवर दुमडून बसावं लागलं, उतरल्यावर पाच मिनिटं पाय जमिनीवर टेकेना. तो घरासमोर खाटेवर बसून दोरी वळत होता. म्हातारा झालेला, पण बारीक, ताठ. मला लगेच ओळखलं.

"आला का," तो म्हणाला, जणू मी मागल्या बाजारालाच भेटलो होतो. "पोट लय सुटलं बे तुयं."

त्याच्या बायकोने पाणी दिलं. मी सांगायला सुरुवात केली आणि थांबलो नाही, थांबलो असतो तर राहून गेलं असतं. चिठ्ठी, बसस्टँड, काही नाई भाऊ, सेक्रेटरी, धार. तो दोरी वळत होता. मध्येच हात थांबले.

"थांब. कंडक्टरजवळ चिठ्ठी देल्लीच नाई तू?"

"नाही."

"त्यानं इचारलं तुले?"

"विचारलं."

त्याने दोरी खाटेवर ठेवली. त्याची बायको दारात उभी होती, ती आत गेली. मला वाटलं होतं तो मला शिव्या देईल. एखादी चपराकही मी मनात धरून आलो होतो.

"मी कंडक्टरसंग बोलणं सोडलं," तो शेवटी म्हणाला. "माह्या सोयरा होता थो. मी समजलो, निरोप यानं मारला. हलगर्जी केली. थो शप्पथ घे, देवाची घे, लेकराची घे, का मले कोणी काही देल्लं नाई. मी नाई आयकलं. त्याच्या पोरीच्या लग्नाले आमच्या घरचं कोणी गेलं नाई. मी जाऊ देल्लं नाई. थो मेला तवा बी मी नाई गेलो माती द्याले."

याचा मला पत्ता नव्हता. मी एका माणसाचं केलं असं धरून चाललो होतो.

मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी म्हणालो, "तू तसाही गेला असतास की नाही, कोण जाणे. फड होता, घर होतं."

हे मी त्याच्यासाठी म्हणालो नव्हतो. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याला ते कळलं.

"गेलो असतो," तो म्हणाला. "आलापल्लीपावतर पायी निंगालो असतो. फड सोडून. बापानं मारलं असतं तरी."

जेवायला त्याने थांबवून घेतलं. भात, अंबाडीची भाजी. निघताना मी त्याला सांगितलं की स्मरणिकेतलं वाक्य मी काढायला लावतो, तू पीत नव्हतास असं लिहायला लावतो.

"काऊन? पीत तं होतो मी," तो म्हणाला. "अजून बी घेतो सणावाराले. तू बी घेतली हाये इथी माह्या घरी, दिवाळीत. आठवते का? दोन दिवस उठला नोता. तसं खोटं नोको लिवू. फडावर नोतो पेलो, एवढंच लिव." मग पुन्हा दोरी हातात घेतली. "आन मले नोको सांगत बसू. त्याची बायको हाये आलापल्लीले. तिले सांग पयले."

मी गेलो. कंडक्टरची बायको पुष्कळ थकली होती, ऐकू कमी येत होतं. तिच्या मुलाने दारातच ऐकून घेतलं आणि तिच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं. ती म्हणाली, "हे तं ते सांगतच होते." मुलाने मला बसा म्हटलं नाही. बरोबर केलं. निघताना तो एवढंच बोलला, "बाबा शेवटी शेवटी पिशवी तपासत, भाऊ. रिटायर झाल्यावर बी. कोणाचं काही राह्यलं का म्हणून."

घरी येऊन मी सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं, कंडक्टरसकट, आणि संपादकाकडे पाठवलं. दोन पानं. आठ दिवस तो फोन उचलेना. मग त्याचाच आला, आवाज एकदम खुशीत.

"भाऊ, तुमचं काम करून टाकलं. थे वाक्य काढलं."

"आणि मी पाठवलेलं?"

"थे कुठी बसवू? सोळाच्या पटीत पानं असतात. मी काय केलं, त्याचा सगळा परिच्छेदच काढला. इषयच संपला. ना तुमाले तरास, ना त्याले."

"म्हणजे त्याचं नाव कुठेच नाही?"

"फोटोत हाये ना. मागच्या रांगेत. नावं पुढच्या रांगेचीच देल्ली, जागा नोती."

पुस्तक निघालं. प्रकाशनाला मी गेलो नाही, तब्येतीचं कारण त्यांनीच जाहीर केलं. आता त्या पुस्तकात माजरीच्या संघाला डावा विंगर एकच आहे, आणि तो मी. आधी निदान दोन विंगर होते. माझ्या धडपडीने एवढंच साधलं. मी संपादकाशी भांडलो, पत्र लिहिलं, शुद्धिपत्र तरी जोडा म्हणालो. तो म्हणतो, वाटून झाली. मुलगा म्हणतो, बाबा, आता पुरे. घरात कोणी हे ऐकायला तयार नाही. त्यांना वाटतं, म्हातारपणी माणूस असा एखाद्या गोष्टीत अडकतो.

टॉवर चालू असताना मी त्याला फोन लावला, त्याच्या नातवाच्या नंबरवर. काय झालं ते सांगितलं. मला लाज वाटत होती. पलीकडून हसल्याचा आवाज आला.

"म्हंजे पुरताच उडवला मले."

"मी दुसरीकडे लिहितो," मी म्हणालो. "जिथे छापतील तिथे. तू सांग काय लिहू."

"लिव. कंडक्टरनं निरोप मारला नाई, हे पयले लिव. त्याच्या लेकरायले दाखवता आलं पायजे."

"लिहितो. आणि तुझं?"

"माह्यं काय. डाव्या विंगले मी होतो."

"हे लोकांना ठाऊक..." मी म्हणालो आणि थांबलो, कारण कोणालाच ठाऊक नाही.

"आन तुले डाव्या पायानं कदी मारता आलं नाई," तो म्हणाला. "थे बी लिव."

मग आवाज तुटला. मी पुन्हा लावला, लागला नाही.